अर्ध्या युनिटचा हिशेब

रविवारी सकाळी साडेसहाला कासार आंबोलीजवळच्या एका शेतात व्हॅनची किल्ली फिरवली, तर आतून नुसती टक-टक. दुसऱ्यांदा फिरवली, तर तीही नाही. मागच्या दाराला टेकवून ठेवलेली विजेची सायकल मात्र चार्ज होऊन तयार होती. रात्रभर गाडीतली वीज तिच्यात गेली आणि गाडी जागेवर बसली.

हे कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण व्हॅनमध्ये सायकल घालून दोन रात्री बाहेर काढणारे आता बरेच जण आहेत आणि हीच चूक त्यांच्याकडून होऊ शकते.

बेत साधा होता. पावसाळ्यात शनिवार-रविवारी चांदणी चौकापासून भूगाव, भुकूमपर्यंत गाड्यांची रांग हलत नाही आणि तिकोना पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही. मग लोक सरळ भाताच्या खाचराच्या बांधावर चाक चढवतात. ते पाहिलं की संताप येतो. म्हणून व्हॅन पिरंगुटच्या पुढे ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर त्यांना विचारून ठेवायची आणि पुढे पौड, कोळवण, हाडशी, जवण असं सायकलने जायचं. शनिवारी कोळवण खोऱ्यात फिरलो. दोन्ही बाजूंना आंबेमोहोराची खाचरं, ढग डोंगराच्या निम्म्यावर उतरलेले. परतलो तेव्हा सायकलच्या बॅटरीत एकच काडी उरली होती. रविवारी जवणच्या पुढे तिकोना गडावर जायचं होतं, त्यासाठी ती भरणं भाग होतं.

शेतकरीकाकांकडे प्लग मागितला असता तर प्रश्नच नव्हता, पण वस्तीवरची लाइट संध्याकाळपासून गेलेली होती. याच तालुक्यात, पलीकडे मुळशीच्या धरणासाठी गावं बुडाली. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच आणि १९२७ पासून त्याचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून वीज करू लागलं. मुळशीत अंधारात बसलं की हे आठवल्याशिवाय राहत नाही.

तर चार्जर व्हॅनच्या इन्व्हर्टरला लावला आणि झोपलो.

आता हिशेब. माझ्या सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची, म्हणजे ३६० वॉट-अवर. आपल्याकडे २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी सायकल नोंदणीशिवाय चालते आणि तशा बहुतेक सायकलींची बॅटरी याच्याच आसपास असते. पण ३६० भरायचे तर ३६० पुरत नाहीत. बारा व्होल्टचे २३० करताना इन्व्हर्टर थोडी वीज खातो, २३० चे पुन्हा ४२ करताना चार्जर खातो. धरून चाला, पाचशे वॉट-अवर, म्हणजे घरच्या मीटरवरचं अर्धं युनिट. ऐकायला काहीच नाही. पण बारा व्होल्टच्या बॅटरीतून अर्धं युनिट म्हणजे चाळीस अँपिअर-अवर. डिझेल व्हॅनची इंजिन चालू करणारी बॅटरी सगळी मिळून सत्तर-ऐंशीची असते. ती क्षणभर जोरात धक्का द्यायला बनवलेली असते, रात्रभर हळूहळू रिकामी व्हायला नाही. वारंवार तळापर्यंत उतरवली की ती कायमची जाते.

आमच्या व्हॅनमध्ये मागे वेगळी बॅटरी आहे, शंभर अँपिअर-अवरची ट्युब्युलर. तिच्यातून निम्मीच वीज काढावी असा नियम आहे. ती निम्मी शुक्रवारच्या मुक्कामातच फ्रिज आणि पंख्यात संपली होती. टपावर १६० वॉटचं सोलर पॅनेल आहे, पण मुळशीतल्या पावसाळी ढगांखाली त्याच्यावर विसंबता येत नाही. शनिवारी तर त्यातून फ्रिजपुरतीही वीज आली नाही. त्यात पुढची आणि मागची बॅटरी वेगळी करणारा स्विच फिरवायचा माझ्याकडून राहिला. मागची थकल्यावर सायकल, फ्रिज आणि खुद्द इन्व्हर्टर यांनी पुढची ओढायला सुरुवात केली.

इन्व्हर्टर आपोआप बंद पडेल आणि गाडी वाचेल, या भरवशावर मी होतो. हा भरवसा खोटा आहे. साधारण इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला बंद पडतो. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना, काही जोडलेलं नसताना, १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. बारा म्हणजे जवळजवळ रिकामी. साडेदहाला इन्व्हर्टर थांबतो तोवर इंजिन फिरवण्याइतकं काही उरलेलं नसतं. दीडशे-दोनशे रुपयांचा व्होल्टमीटर डॅशबोर्डवर बसवा आणि १२.२ दिसले की सगळं बंद करा.

सुटका मात्र त्या सायकलनेच केली. काका म्हणाले, "ट्रॅक्टरची बॅटरी हाय की, पर जोडायला वायर पायजे." जंपर केबल आमच्याकडे नव्हती. त्या भरलेल्या सायकलवर पिरंगुटला गेलो, गॅरेज उघडेपर्यंत थांबलो, केबल घेऊन आलो. ट्रॅक्टरही बाराच व्होल्टचा. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बॅटरीपासून लांब, आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर. ठिणगी पडलीच तर बॅटरीजवळ पडू नये म्हणून हा क्रम. पाच मिनिटं तसंच ठेवलं, किल्ली फिरवली, इंजिन लागलं. पण दहा वाजून गेले होते, तिकोना राहिला.  

त्यानंतर मी पद्धत बदलली. सायकल रात्री चार्ज करत नाही, व्हॅनची चाकं फिरत असताना करतो. साधा दोन अँपिअरचा चार्जर सायकलला ताशी साधारण ८० वॉट-अवर देतो. कोथरूडहून कासार आंबोलीला गर्दीत दीड तास लागला, तर तेवढ्यात बॅटरी एक तृतीयांश भरते. अल्टरनेटर चालू असतो, गाडीच्या बॅटरीवर भार येत नाही. मागची बॅटरी मात्र डीसी-टू-डीसी चार्जरमधूनच भरावी. नव्या बीएस-६ गाड्यांचे अल्टरनेटर मधेच व्होल्टेज उतरवतात, नुसत्या वायरने जोडलेली बॅटरी अर्धवट राहते. सिगारेट लायटरच्या सॉकेटला मोठा इन्व्हर्टर लावू नका, त्याचा फ्यूज बहुतेक दहा-पंधरा अँपिअरचा असतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, स्वस्तातल्यावर चार्जर तापतो आणि गुणगुणतो.

सायकलची लिथियमची बॅटरी झोपायच्या जागेत चार्ज करू नका. ती पेटली तर पाण्याच्या बाटलीने विझत नाही. चढ चढून गरम झालेली बॅटरी तासभर थंड होऊ द्या, मग पिन लावा. विजेच्या स्कूटरला तर तीन-चार युनिटं लागतात, ती व्हॅनवर भरायच्या फंदात पडूच नका.

इंजिन नुसतं चालू ठेवून चार्ज करणाऱ्यांचं आणि तलावाकाठी जनरेटर घेऊन येणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. रात्रभर धूर आणि घरघर, सकाळी चिप्सच्या पिशव्या नि बाटल्या, आणि त्रास वस्तीवरच्या माणसांना. सायकलला मोटर आहे म्हणून आम्हाला 'हे कसले ट्रेकर' म्हणणारेही भेटतात. मागे कचरा न ठेवणारा आणि बांधावर चाक न चढवणारा तो खरा ट्रेकर, मोटरचा त्याच्याशी संबंध नाही.

दोन रात्रींच्या भटकंतीला सगळ्यात चांगला उपाय यातला कुठलाच नाही. सायकलची दुसरी बॅटरी विकत घ्या आणि घरून भरून आणा. तेवढे पैसे नसतील, तर ज्याच्या शेतात उतरता त्याला विचारून प्लग घ्या आणि अर्ध्या युनिटचे पन्नास रुपये त्याच्या हातावर ठेवा. जंपर केबल मात्र सीटखाली कायम असू द्या.