२०० मायक्रॉन आणि बदलापूर लोकल

राहायला बदलापूर आणि काम मुंबईतल्या प्रयोगशाळेत, म्हणजे दुपारी चारपासून एक डोळा घड्याळावर. एसयू-८ या फोटोरेझिस्टचा माझा २०० मायक्रॉनचा पहिला थर या घड्याळानेच खाल्ला. एक्स्पोजरनंतरचं बेकिंग उरकलं, ९५ अंशांवरचा वेफर उचलून सरळ स्टीलच्या टेबलावर ठेवला आणि स्टेशन गाठलं. सकाळी पाहतो तर नक्षीच्या प्रत्येक कोपऱ्यातून केसाएवढी भेग निघालेली. एसयू-८ म्हणजे इपॉक्सी; गार होताना ते खालच्या वेफरच्या सिलिकॉनच्या जवळजवळ २० पट आकसतं. पातळ थरात हे खपून जातं, जाड थरात नाही. तापमान चढताना आधी ६५ अंशांवर थांबा, मग सावकाश ९५. उतरताना प्लेट बंद करा आणि वेफर तिच्यावरच गार होऊ द्या.

त्याआधीचा घोटाळा सॉफ्ट बेकचा, म्हणजे एक्स्पोजरआधीच्या बेकिंगचा. थर वरून कोरडा दिसला म्हणून वेळ निम्मा केला. आत द्रावक तसाच होता. मास्क चिकटला; सोडवताना थर गेला आणि मास्कही खराब झाला. १०० मायक्रॉनला ९५ अंशांवर साधारण २० मिनिटं, २०० ला ४५ पर्यंत लागतात, पण मिनिटांवर विसंबू नका. वेफर उतरवून गार करा, पुन्हा प्लेटवर ठेवा. दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या, तर अजून थोडा वेळ ठेवा आणि हीच परीक्षा परत घ्या. ओव्हन नकोच, त्यात वर पापुद्रा धरतो आणि आतला द्रावक अडकतो.

गरम रेझिस्ट वाहतं, त्यामुळे प्लेट जराही तिरकी नको. माझा एक थर एका बाजूला चांगलाच फुगला. तेव्हा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून सुतार वापरतात तसली लेव्हल आणली. प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रांच्या रांगेत ती जरा गरीब दिसते, पण तिच्याशिवाय मी बाटली उघडत नाही. रेझिस्ट ड्रॉपरने घेऊ नका, बुडबुडे येतात. बाटली वेफरजवळ नेऊन ओता. स्पिननंतर कडेला उभा राहणारा काठ पुसून काढा, नाहीतर मास्क अधांतरी राहतो आणि रेषा फुगतात. पावसाळ्यात वेफर आधी २०० अंशांवर ५ मिनिटं कोरडा करा.

अंबरनाथचा माझा पीसीबीवाला मित्र म्हणतो, “ओतत कशाला बसतोस? ड्राय फिल्म लाव की!” उंची कमी हवी असेल तर त्याचंच ऐका. पण त्याच्याकडची फिल्म ४० मायक्रॉनची. २०० ला पाच थर, आणि प्रत्येक थराखाली हवा अडकायची धास्ती.

जाड थर असला की हल्ली सकाळीच घरी सांगून निघतो. प्लेट गार होईस्तोवर वही लिहितो. बदलापूर लोकल तोवर गेलेली असते; मग कर्जत धरतो.