पालक-चवळीचं व्हीगन सूप : कृतीसोबत हिशेबही शिका

घरगुती व्यवसायाच्या आजच्या धड्यात सूप करायचं आहे. व्हिडिओत कृती बघितली असेलच, इथे मापं आणि हिशेब लिहून देतोय. वहीत उतरवून घ्या.

व्हीगन म्हणजे दूध, तूप, लोणी, साय, मध यातलं काहीच नाही. मग सूप दाट कसं होणार? चवळीनेच! म्हणून क्रीम आणि कॉर्नफ्लोअर दोन्हींचा खर्च वाचतो.

साहित्य (२०० मिलीच्या १० वाट्या)
पांढरी चवळी २५० ग्रॅम, निवडलेला पालक ४०० ग्रॅम, कांदे २, टोमॅटो ३, लसूण १० पाकळ्या, आलं १ इंच, तेल २ चमचे, जिरं, मिरपूड, मीठ, एक लिंबू.

कृती
१. चवळी रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला मऊ शिजवा.
२. तेलात जिरं, आलं-लसूण, कांदा, टोमॅटो परता. अर्धी चवळी आणि एक लिटर पाणी घालून दहा मिनिटं उकळा, मग घोटून घ्या.
३. उरलेली अख्खी चवळी घाला. चिरलेला पालक सगळ्यात शेवटी, फक्त दोन-तीन मिनिटं. जास्त उकळलात तर हिरवा रंग गेलाच समजा.
४. गॅस बंद करून लिंबू पिळा. चव तर येतेच, शिवाय लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह शरीराला चांगलं मिळतं.
५. दोन लिटरला कमी पडलं तर उकळतं पाणी घाला. माप रोज तेच हवं.

चवळीऐवजी राजमा घेणार असाल तर जपून. अर्धाकच्चा राजमा खाऊन उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेका आणि कुकरला पूर्ण शिजवा.

आता हिशेब
बहुतेक जण इथेच फसतात. समजा साहित्य १२० रुपयांचं. म्हणजे वाटी १२ रुपयांना पडली, ३० ला विकली, १८ सुटले, असं वाटतं. पण गॅस १५, डबे-चमचे ५० आणि दीड तासाची तुमची मजुरी १५० धरा. एकूण ३३५. वाटी पडली साडेतेहेतीसला! म्हणजे प्रत्येक वाटीमागे साडेतीन रुपये खिशातून गेले. आपली मजुरी फुकट धरू नका, ताई-दादांनो. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजाराचे भाव टाकून बघा.

विश्वास जपा
• "चवीपुरतं एक चमचा बटर" चालणार नाही. गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर खातंय. तयार मसाल्याचं पाकीटही वाचा, त्यात दूध पावडर असू शकते.
• एफएसएसएआयची नोंदणी करा. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत, पाकिटावर व्हीगन चिन्ह परवानगीशिवाय छापू नका.
• सूप वाफाळतं ठेवा. दोन तास बाहेर कोमट राहिलेलं विकू नका.
• "शुगर बरी होते" असले दावे फलकावर नकोत. "पालक, चवळी, दूध-तूप नाही" एवढं खरं लिहिलं तरी पुरे.

गृहपाठ : या रविवारी दहा वाट्या करा, प्रत्येक खर्च लिहा आणि एका वाटीची खरी किंमत काढा. भाव त्यानंतरच ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!