नळाचे शेवटचे चाळीस फूट

पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता आणि पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता हे शब्दप्रयोग व्यवहारात एकाच अर्थाने केले जात असले, तरी त्यांतील फरक ध्यानात न घेतल्यामुळे लहान गावांतील सुशिक्षित आणि एरवी दक्ष असणारी कुटुंबेही चुकीच्या जागी निश्चिंत राहतात. गुणवत्ता म्हणजे एका वेळी, एका ठिकाणाहून घेतलेल्या नमुन्यात काय आढळले त्याचे वर्णन. सुरक्षितता म्हणजे ते पाणी उगमापासून पिणाऱ्याच्या पेल्यापर्यंत येईतो त्यात घाण शिरण्याच्या वाटा कितपत बंद आहेत, याची खात्री. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १०५०० हे मानक (सुधारित आवृत्ती २०१२) पहिल्या गोष्टीविषयी बोलते. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत आणि विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर कोणत्याही सबबीवर जाऊ नये, आणि विष्ठेतून येणारा ई. कोलाय हा जिवाणू १०० मिलिलिटर नमुन्यात मुळीच आढळू नये, असे ते सांगते. दुसरी गोष्ट मात्र कोणत्याही अहवालात लिहून येत नाही, ती गल्लीत उतरून आणि नालीवरची फरशी उचलूनच पाहावी लागते.

गोंदिया शहराला खेटून असलेले कुडवा हे जनगणनेच्या परिभाषेत ‘जनगणना शहर’ आहे; म्हणजे कारभार ग्रामपंचायतीचा असला, तरी किमान पाच हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरमागे किमान चारशेची घनता आणि शेतीबाहेर काम करणाऱ्या पुरुषांचे किमान पंचाहत्तर टक्के प्रमाण या तीन कसोट्यांवर ते शहर ठरते. पाण्याच्या दृष्टीने ही मधली अवस्था सर्वांत नाजूक असते, कारण घरे शहरासारखी भिंतीला भिंत लावून उभी राहतात आणि घरोघरी शौचालये व त्यांच्या सेप्टिक टाक्या होतात, परंतु भुयारी गटारे मागे राहतात आणि रस्त्याच्या कडेची नालीच सगळे सांडपाणी वाहून नेते. जलवाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी यांच्यात आडवे अंतर किमान तीन मीटर ठेवावे, असे केंद्र सरकारची पाणीपुरवठ्याची मार्गदर्शिका सांगते. ज्या गल्लीची रुंदीच तीन मीटर भरत नाही, तिथे हा नियम पाळण्यासाठी जागाच उरत नाही.

वस्तुतः उगम आणि शुद्धीकरण यांची चिंता या भागात पूर्वीइतकी राहिलेली नाही. गोंदिया शहराचे पाणी डांगोर्ली येथे वैनगंगेतून उचलले जाते. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटमार्गे येणारी ही नदी पावसाळ्यात गाळाने लालसर होते, पण तो गाळ तुरटीने खाली बसवणे, वाळूच्या थरांतून पाणी गाळणे आणि शेवटी क्लोरीन देणे ही शंभर वर्षांहून अधिक काळ पारखली गेलेली पद्धत आहे. ती नीट राबवली तर केंद्रातून बाहेर पडणारे पाणी मानकात बसते. बिघाड होतो तो त्यानंतर, आणि बहुतेक वेळा अगदी शेवटी, म्हणजे गल्लीतील मुख्य वाहिनीला जिथे घराची जोडणी दिलेली असते त्या फेरूलपासून घरातील तोटीपर्यंतच्या तुकड्यात.

हा बिघाड समजून घेण्यासाठी खंडित पुरवठा म्हणजे काय, हे पाहावे लागते. चोवीस तास भरलेल्या वाहिनीत पाण्याचा दाब सतत बाहेरच्या दिशेने असतो, त्यामुळे तिला भोक पडले तरी पाणी बाहेर गळते, बाहेरचे आत येत नाही. परंतु ज्या वाहिनीला दिवसातून एखादा-दीड तासच पाणी येते, ती उरलेला सगळा वेळ रिकामी होत जाते, तिच्यातला दाब भोवतालच्या ओल्या मातीपेक्षा कमी होतो आणि प्रत्येक सुटा सांधा, प्रत्येक गंजलेले छिद्र नालीतील पाणी आत घेऊ लागते. कर्नाटकातील हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी मिळणारे प्रभाग आणि आठवड्यातून मोजकेच दिवस पाणी मिळणारे प्रभाग यांची तुलना झाली, तेव्हा खंडित पुरवठ्याच्या नळांत विष्ठेतील जिवाणूंचे प्रमाण कितीतरी जास्त आढळले. अखंड पुरवठा करणे केवळ महानगरांनाच परवडते असेही नाही, कारण सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूरने लहान गाव असतानाच चोवीस तास पाणी देऊन दाखवले आहे. यात भर पडते ती टुल्लू पंपाची. पाणी कमी दाबाने येते म्हणून नळालाच मोटार जोडली, की ती पाण्याबरोबर पोकळी निर्माण करून भोवतालचेही ओढते. शेजाऱ्याच्या नळाची धार बारीक होते हा तिचा दिसणारा दोष, आणि स्वतःच्या घरात नाली ओढून आणणे हा न दिसणारा.

प्रस्तुत लेखकाच्या कुडव्यातील घरी जे घडले, ते याच क्रमाने घडले. घराची जोडणी अर्ध्या इंची जीआय पाइपाची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळीची होती, फेरूलपासून तोटीपर्यंत तिची लांबी सुमारे चाळीस फूट होती, आणि त्यातले पाच-सहा फूट नालीवरच्या फरशीखालून जात होते. धार बारीक म्हणून टुल्लू पंप बसवलेला होता. पाण्याविषयी घर बेफिकीर होते असे नाही, उलट एका विक्रेत्याने घरी येऊन टीडीएस मीटर नळाच्या पाण्यात बुडवला, आकडा दाखवला, विजेच्या कांड्या घालून पाणी तपकिरी करून दाखवले, आणि त्यावरून आरओ यंत्र घेतले गेले होते. पिण्यापुरती सोय झाल्यावर बाकीचे पाणी नळाचेच राहिले. चूळ त्याच पाण्याने भरली जाई, कोथिंबीर त्यातच धुतली जाई, आणि पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली की यंत्र बंद पडल्यामुळे गुंडातले नळाचे पाणी थेट पेल्यात येई. जून सरता सरता दोन-तीन दिवस पाण्याला किंचित वास आला. तो पहिल्या पावसाचा समजून सोडून देण्यात आला, आणि चूक झाली ती तिथेच.

ऑगस्टच्या सुरुवातीला वहिनींना कावीळ झाली तेव्हा त्या सात महिन्यांच्या गर्भवती होत्या. रक्ततपासणीत हेपॅटायटिस ई निघाला. हा विषाणू विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, निरोगी तरुण माणसाला काही आठवडे अशक्त करून सोडतो, परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत दर चार-पाच रुग्ण स्त्रियांमागे एकीचा जीव घेण्याइतका घातक ठरू शकतो, ही माहिती त्या घरात कोणालाच नव्हती. नागपूरच्या रुग्णालयात काढलेल्या अठरा दिवसांनंतर आई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिले. दरम्यान नळाच्या पाण्याचा नमुना तपासायला दिला गेला आणि अहवाल निर्दोष आला. त्यामुळे दोष पाण्याचा नव्हेच, असा निष्कर्ष घरात काढला गेला.

हा निष्कर्ष का चुकतो, ते येथे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. रोगजंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. तो हेपॅटायटिस ईमध्ये दोन ते दहा आठवड्यांचा, हेपॅटायटिस एमध्ये साधारण चार आठवड्यांचा आणि विषमज्वरात एक ते तीन आठवड्यांचा असतो. डोळे पिवळे दिसेपर्यंत दूषित पाणी कधीच वाहून गेलेले असते, आणि त्या दिवशीचा नमुना त्या दिवसाच्या पाण्याविषयीच बोलतो. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेतील उपशाच्या जागी सांडपाणी मिसळल्यानंतर काविळीची जी साथ आली, तिच्यात सुमारे २९,००० लोक आजारी पडले, आणि त्या साथीचे कारण हेपॅटायटिस ई हे अनेक वर्षांनी जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून कळले. महाराष्ट्रात इचलकरंजीने २०१२ मध्ये याच रोगाची साथ सोसली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गुइलां-बारे सिंड्रोमचे, म्हणजे मज्जातंतूंवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटण्याच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तेव्हाही संशय पाण्याकडेच वळला. यातली बरीच वस्ती महापालिकेत अलीकडे आलेल्या, गाव आणि शहर यांच्या सीमेवरच्या गावांची होती, हे कुडव्याच्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावे.

कावीळ येऊन गेल्यानंतर नालीवरची फरशी उचलली गेली. दोन नळ्या जोडणाऱ्या सांध्यापाशी, जिथे आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो तिथेच, करंगळीचे टोक बसेल एवढे भोक गंजून पडले होते आणि त्यावरून नालीचे काळे पाणी वाहत होते. बहुतेक योजनांत फेरूलनंतरच्या नळीची देखभाल ग्राहकाकडेच असते, त्यामुळे तो तुकडा पाहण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची नव्हती, घराचीच होती.

या अनुभवातून प्रथम टीडीएसविषयीचा गैरसमज दूर व्हायला हवा. टीडीएस मीटर पाण्याची वीजवहनक्षमता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जिवाणू किंवा विषाणू त्याला दिसत नाहीत, त्यामुळे नालीचे पाणी थोडे मिसळले तरी आकडा फारसा हलत नाही. कांड्यांनी तपकिरी होणारे पाणी हा लोखंडी कांडी विरघळण्याचा परिणाम आहे आणि आरओच्या पाण्यात क्षार कमी असल्यामुळे तो घडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय आरओ यंत्रातील कोळशाची गाळणी पाण्यातला क्लोरीन आधीच काढून टाकते, त्यामुळे यंत्राच्या टाकीत किंवा माठात साठलेल्या पाण्याला पुढचे कोणतेही संरक्षण उरत नाही. बोअरच्या पाण्यात क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असल्याचे तपासणीत दिसले असेल तर आरओ उपयोगी आहे. नालीतून येणाऱ्या घाणीवर खरा उपाय नळी बदलणे हाच आहे.

घरच्या घरी रोज पाहण्याजोगी खूण म्हणजे शेष क्लोरीन, अर्थात जंतू मारून झाल्यावर पाण्यात उरलेला क्लोरीन. तो तोटीपाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक जी ओटी चाचणी करतो, तिच्यात ऑर्थोटोलिडिनच्या द्रावणाचे काही थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, आणि रंग आलाच नाही तर एकतर क्लोरीन दिला गेलेला नाही किंवा वाटेत घाणीने तो संपवला आहे. हे द्रावण विषारी असल्यामुळे तपासलेले पाणी पिऊ नये आणि भांडे वेगळे ठेवावे. शेजारच्या घरी पिवळा रंग येतो आणि आपल्याकडे येत नाही, असे दिसले तर दोष आपल्याच नळीत शोधावा. पाच मिनिटांचे हे काम प्रस्तुत लेखकाच्या घरी जूनमध्ये झाले असते, तर ऑगस्ट टळला असता. पाण्याच्या जोखमीनुसार ग्रामपंचायतींना मिळणारी लाल, पिवळी आणि हिरवी कार्डे गावाच्या एकूण व्यवस्थेविषयी असतात. हिरवे कार्ड मिळालेल्या गावातही एखाद्या घराची नळी फुटलेली असू शकते.

नळी बदलताना लोखंडी नळीऐवजी एचडीपीई किंवा एमडीपीई प्रकारची, सांधे कमीत कमी असलेली सलग नळी घ्यावी, ती नालीच्या तळाखालून न नेता शक्यतो वरून न्यावी आणि नाली ओलांडताना तिच्यावर मोठ्या व्यासाच्या नळीचे आवरण घालावे. दाब कमी असेल तर नळाला मोटार न लावता पाणी आपल्या गतीने जमिनीतल्या झाकणबंद टाकीत पडू द्यावे आणि मोटार त्या टाकीला लावावी. पाणी सुटल्यानंतरची पहिली काही मिनिटे वाहिनीत शिरलेली घाण पुढे ढकलली जाते, म्हणून ते पाणी अंगण किंवा शौचालयासाठी वेगळे काढावे. घरच्या विहिरीत निर्जंतुकीकरण करायचे असेल, तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल पावडर पुरते, ती रात्री टाकावी आणि किमान अर्धा तास जाऊ द्यावा. मात्र उघड्या पोत्यात ओल लागलेल्या पावडरीचा क्लोरीन उडून गेलेला असतो, आणि तिच्यावर विसंबणे ती न टाकण्यापेक्षा वाईट.

पाण्याला वास, रंग किंवा चव वेगळी वाटली, तर त्याच दिवशी जलसुरक्षकाला बोलवावे, नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा आणि अहवालाची वाट न पाहता पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळून प्यावे. ज्या घरात गर्भवती स्त्री आहे, त्या घराने जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी स्वच्छ दिसो वा न दिसो, यंत्र असो वा नसो, तिच्या पिण्याचे, चुळीचे आणि भाजी धुण्याचे सगळे पाणी उकळलेलेच वापरावे.