जुन्या विंडोजचा ड्रायव्हर बिघडला? फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी हे तपासा

आवाज गेला, प्रिंटर ऑफलाइन दाखवतो, स्क्रीनवरची अक्षरे एकाएकी मोठी आणि पसरट झाली, नेट लागत नाही. दहा-बारा वर्षे जुन्या डेस्कटॉपवर असे काही झाले की दुरुस्तीच्या दुकानातून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ पाच-सातशे रुपयांत काम होणार म्हणून ग्राहकही मान डोलावतो. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. प्रिंटरची सीडी कधीच हरवलेली असते, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स पुन्हा मागावे लागते, डीटीपीचे जुने फाँट जातात आणि दोन दिवस काम बंद राहते. म्हणून जुन्या मशीनसाठी पैसे द्यायचेच असतील तर ते निदानाचे द्या. फॉरमॅट हा अगदी शेवटचा उपाय आहे.

हे मार्गदर्शन मुख्यतः विंडोज ७ साठी आहे. पेजमेकरवर चालणारी डीटीपीची दुकाने, झेरॉक्स सेंटर, छोटे दवाखाने, सोसायट्यांची कार्यालये अशा ठिकाणी ते अजून रोज सुरू होते. विंडोज १० वापरणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

आधी वयाचा हिशेब

विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आले आणि १४ जानेवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट थांबवले. क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ आहे; फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून क्रोमने हे विंडोज सोडले. तेव्हा एखादे संकेतस्थळ नीट उघडत नसेल किंवा ‘ब्राउझर अपडेट करा’ असा संदेश येत असेल, तर तो बिघाड नाही. तिथे फॉरमॅट करून, अँटिव्हायरस विकत घेऊन किंवा रॅम वाढवून काही साधणार नाही. वयामुळे आलेली अडचण आणि दुरुस्त होणारा बिघाड यांतला फरक कळला, तरी निम्मे पैसे वाचतात.

बिनपैशाची तपासणी

*तारीख पाहा.* सगळ्यात आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातले घड्याळ बघा. मेन स्विच बंद केल्यावर तारीख दर वेळी काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपला आहे. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो आणि ‘नेट चालत नाही’ असे वाटते. याच सेलमुळे बायोसचे सेटिंग मूळपदावर जाते. त्यात हार्ड डिस्कचा साटा मोड बदलला, तर विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर शेवटी ‘७बी’ असलेला स्टॉप कोड दिसतो. तीस-साठ रुपयांचा सेल घालून बायोसमधला मोड पूर्वीसारखा केला की मशीन उभे राहते. निळी स्क्रीन दिसली म्हणून लगेच फॉरमॅटला होकार देऊ नका. आधी कोडचा फोटो काढा.

*३२ की ६४ बिट?* ‘कॉम्प्युटर’ या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, आणि सर्व्हिस पॅक १ टाकलेला आहे का, हे दिसते. ६४ बिटच्या विंडोजला ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, आणि ३२ बिटच्या विंडोजला ६४ बिटचा. ड्रायव्हर ‘लागत नाही’ यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

*डिव्हाइस मॅनेजर उघडा.* त्याच खिडकीत डावीकडे तो सापडतो. ज्या भागाचा ड्रायव्हर बिघडला असेल त्याच्यावर पिवळी खूण असते. त्यावर डबल क्लिक केल्यावर कोड क्रमांक दिसतो. हे चार लक्षात ठेवा :

- कोड २८ : ड्रायव्हर टाकलेलाच नाही. योग्य ड्रायव्हर टाकला की काम झाले.
- कोड १० : भाग सुरू होत नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून पाहा.
- कोड ४३ : त्या भागानेच अडचण कळवली आहे. यूएसबीची वस्तू असेल तर आधी केबल आणि पोर्ट बदला.
- कोड ५२ : ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पडताळता येत नाही.

कोड ५२ विंडोज ७ वर बरेचदा नवे ड्रायव्हर टाकताना येतो. नव्या ड्रायव्हरांवर एसएचए-२ पद्धतीची सही असते आणि अपडेट न केलेल्या विंडोज ७ ला ती वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या अधिकृत संकेतस्थळावरून केबी ४४९०६२८ आणि त्यानंतर केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट याच क्रमाने टाका. सर्व्हिस पॅक १ मात्र आधी असायला हवा. हे सगळे फुकट आहे.

*हार्डवेअर आयडी टिपून घ्या.* नुसते ‘अननोन डिव्हाइस’ दिसत असेल तर प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स या टॅबवर जाऊन यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढचे चार आकडे-अक्षरे म्हणजे कंपनी : ८०८६ इंटेल, १०ईसी रियलटेक, १००२ एएमडी, १०डीई एनव्हिडिया. यूएसबीच्या वस्तूंना ‘व्हीआयडी’ असते : ०३एफ० एचपी, ०४ए९ कॅनन, ०४बी८ एप्सन. एवढे हाती आले की कोणाचा ड्रायव्हर शोधायचा ते ठरते.

ड्रायव्हर मशीनच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. जुन्या ब्राउझरमध्ये ते उघडत नसेल तर मोबाइलवर डाउनलोड करून केबलने मशीनवर आणा. ‘तुमचे २७ ड्रायव्हर जुने आहेत, पैसे भरून अपडेट करा’ असे सांगणारी सॉफ्टवेअर टाकू नका. जो भाग नीट चालतो आहे त्याच्या ड्रायव्हरला हात लावायची गरज नसते.

नवा ड्रायव्हर टाकल्यावर बिघाड सुरू झाला असेल तर ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये ‘रोल बॅक’ची सोय आहे. मशीन नीट सुरूच होत नसेल तर सुरू होताना एफ ८ दाबून सेफ मोडमध्ये जा आणि सिस्टिम रिस्टोरने आधीच्या तारखेवर या. त्याने तुमची कागदपत्रे जात नाहीत. त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर तेवढे निघतात.

प्रिंटरची दोन नेहमीची दुखणी

पहिले दुखणे पोर्टचे. साफसफाईनंतर यूएसबीची वायर दुसऱ्या पोर्टमध्ये घातली की विंडोज तोच प्रिंटर नवा समजून त्याची ‘कॉपी १’ तयार करू शकते. जुने नाव ऑफलाइन राहते आणि सगळ्या प्रिंट तिकडेच जातात. वायर पूर्वीच्या पोर्टमध्ये घाला, नाहीतर ‘कॉपी १’ला डिफॉल्ट करा.

दुसरे दुखणे अडकलेल्या रांगेचे. प्रिंट रद्द करूनही ‘डिलीटिंग’ असे दिसत राहते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा. विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल या मार्गाने ‘प्रिंटर्स’ फोल्डरमधल्या फायली पुसा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. फोल्डर तसाच ठेवायचा, फक्त आतल्या फायली काढायच्या. एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांसारखे जुने दणकट प्रिंटर ‘आता चालणार नाहीत’ असे ऐकून भंगारात देण्याआधी हे दोन्ही उपाय करून पाहा.

सॉफ्टवेअर उघडत नसेल तर

‘अमुक डीएलएल फाइल सापडत नाही’ असा संदेश आला म्हणून कुठल्याही संकेतस्थळावरून ती एक फाइल उचलू नका. व्हायरस येण्याची ती सोपी वाट आहे. नावात ‘एमएसव्हीसीपी’ असेल तर मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाका. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ अशी सुरुवात असेल तर केबी २९९९२२६ हा अपडेट टाका. सॉफ्टवेअर डॉटनेट मागत असेल तर विंडोज ७ साठी ४.८ ही शेवटची आवृत्ती आहे. तिन्ही गोष्टी फुकट मिळतात.

कोणत्या कामाचे किती?

गाव, शहर आणि दुकान यांप्रमाणे दर बदलतात. खालचे आकडे अंदाज बांधण्यापुरते समजा.

- तपासणी किंवा घरी व्हिजिट : २०० ते ५०० रुपये. काम दिले तर ही रक्कम बिलात वळती होणार का, ते आधी विचारा.
- एक-दोन ड्रायव्हर टाकणे : २०० ते ४०० रुपये.
- मदरबोर्डवरचा गोल सेल (सीमॉस सेल) : ३० ते ६० रुपये.
- फॉरमॅट आणि विंडोज टाकणे : ४०० ते ८०० रुपये. डेटाचा बॅकअप बरेचदा वेगळा, ३०० ते ५००.
- एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलणे : साधारण ७०० ते १,५०० रुपये.
- २४०-२५६ जीबीची साटा एसएसडी : नक्की आकडा सांगता येत नाही. एसएसडी आणि रॅमचे भाव सतत हलतात, त्या दिवसाचा भाव दोन ठिकाणी विचारा.
- पुसला गेलेला डेटा परत मिळवणे : हजारापासून कित्येक हजारांपर्यंत. बॅकअपच्या तीनशे-पाचशे रुपयांत कसर करणाऱ्याला हा खर्च सोसावा लागतो.

नोंदणीकृत दुकान असेल तर दुरुस्ती सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेला दर करासह आहे का, हे आधीच विचारलेले बरे.

फॉरमॅट करायचेच ठरले तर

हार्ड डिस्क खराब होत चालली असेल किंवा व्हायरसने विंडोज पोखरले असेल, तर फॉरमॅट टळत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवते. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असे आले तर त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकण्यात पैसे घालू नका, डिस्क बदला. पण मशीन दुकानात देण्याआधी एवढे करा :

१. कॅबिनेटवरच्या विंडोजच्या स्टिकरचा स्वच्छ फोटो काढा. त्यावरची २५ अक्षरांची की पुसट झाली असेल तर वेगवेगळ्या प्रकाशात काढा.
२. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हरस्टोर या मार्गाने ‘फाइलरिपॉझिटरी’ हे फोल्डर सापडते. ते पूर्ण पेनड्राइव्हवर उतरवा. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ निवडून हेच फोल्डर दाखवले की बहुतेक ड्रायव्हर तिथूनच लागतात.
३. लॅनचा ड्रायव्हर वेगळा जपून ठेवा. तो नसेल तर नेट नाही, आणि नेट नसेल तर बाकीचे ड्रायव्हर नाहीत.
४. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे सी ड्राइव्हवरच असतात. फाँटचे फोल्डर, हिशेबाचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क यांची यादी करून बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा.

‘अ‍ॅक्टिव्हेटर’ मारून, म्हणजे लायसन्सशिवाय चालू करून दिलेले विंडोज घेऊ नका. अ‍ॅक्टिव्हेटर टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हाच दार उघडे पडते. जुन्या की वापरून विंडोज १० मोफत चालू करण्याची वाटही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली आहे. ‘जुन्या कीवर दहा टाकून देतो’ असे कोणी म्हणाले, तर लायसन्स कुठले ते विचारा.

दुकानात काय विचाराल, बिल कसे घ्याल

नेमका बिघाड काय आणि तो कशावरून ठरवला? फॉरमॅटशिवाय काय करून पाहिले? बदललेला जुना भाग परत देणार का? काम पुन्हा बिघडले तर किती दिवस मोफत बघणार? उत्तरे बिलावर लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा देऊन बिल नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात अर्जाला शुल्क लागत नाही. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

कुठे थांबायचे?

मशीन फक्त छपाई, टायपिंग किंवा एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी असेल, तर त्याचे नेट काढा आणि चालेल तोवर चालवा. त्यावर बँकेचे व्यवहार आणि महत्त्वाचे ई-मेल करू नका. नेटची गरज असेल तर लिनक्स मिंट मोफत आहे आणि अनेक जुन्या मशीनवर चांगले चालते. मात्र तुमचा प्रिंटर त्यावर लागतो का, हे डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालवून आधी पाहा.

विंडोज १० चे सर्वसाधारण अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवले गेले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. त्यामुळे जुन्या बोर्डसाठी रॅम आणि प्रोसेसर घेण्यात पैसे अडकवू नका. एसएसडी मात्र घ्या; ती पुढच्या मशीनमध्ये लावता येते. दुरुस्तीचा अंदाज पाच-सहा हजारांवर गेला तर थांबा आणि ती रक्कम विंडोज ११ चालणाऱ्या, वॉरंटी असलेल्या रिफर्बिश्ड मशीनसाठी बाजूला काढा.