बोलत नाही म्हणजे समजत नाही?

स्वमग्न मुले मोठी होतात. त्यांपैकी काहीजण प्रौढपणीही जेमतेम चार-दोन शब्द बोलतात. "डॉक्टर, मेंदूचा आलेख काढून याला किती कळते ते सांगा ना," असे पालक मला विचारतात.

मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, मेंदूतील विद्युत लहरी नोंदवतो. आकडीचे निदान करताना त्याचा उपयोग होतो. बुद्धी मात्र त्यातून मोजता येत नाही.

तोंडी उत्तरे मागणारी चाचणीही येथे अपुरी पडते. २००७ साली कॅनडातील संशोधकांनी स्वमग्न मुलांना आकृत्यांची रेव्हन चाचणी दिली. नेहमीच्या वेक्सलर चाचणीपेक्षा त्यांचे गुण बरेच वरचे आले. काहींना बौद्धिक अडचण खरोखरच असते. पण केवळ न बोलण्यावरून ती ठरवू नये.

खरा धोका निराळाच आहे. शांत असणारा माणूस एकाएकी डोके आपटू लागला, जेवेनासा झाला, तर 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सोडून देऊ नका. दुखणे सांगता येत नसल्याने तो ते असे दाखवत असेल. आधी दात, कान व पोट तपासून घ्या. बद्धकोष्ठता आहे का पाहा. मध्येच टक लावून थिजणे किंवा झटके दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, कारण स्वमग्न व्यक्तींत आकडीचे प्रमाण अधिक असते.

घरी 'दुखते', 'पाणी', 'नको' अशा चित्रांचा तक्ता लावा. बोट दाखवायला शिकवा. शिकण्याला वयाची अट नाही. आणि त्याच्यादेखत बोलताना, त्याला सारे कळते असे धरूनच बोला.