पहिल्या हंगामाला निघालेल्या नातसुनेस

पोरी, टोळीची गाडी आठ दिवसांत दारात उभी राहील. पीठ, भांडी, गोधड्या कशा बांधायच्या ते तुझ्या सासूनं दाखवलंच आहे. मी सत्तावीस हंगाम ऊस तोडला. सांगली-कोल्हापूरकडं, नगरकडं आणि चार वर्षं बेळगावकडच्या फडांत. जे शिकले ते दुखणी अंगावर काढून शिकले. तुला तसं शिकावं लागू नये म्हणून हे सांगते. मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि तुझी नणंद लिहून घेते. सरकारी नाव किंवा आकडा लागला तिथं तिनं तो पाहून घातला आहे.

आधी कागद. आधारकार्ड, रेशनकार्ड, दवाखान्याच्या योजनेचं कार्ड आणि ग्रामसेवकाकडून मिळालेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र एका जाड पिशवीत घाल आणि ती पिशवी पिठाच्या डब्यात ठेव, कोपीत पाणी शिरलं तरी भिजणार नाही. रेशन आता आपल्याच कार्डावर दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यातही मिळतं. आमच्या वेळी कार्ड गावातच राहायचं आणि आम्ही दुकानातून महाग ज्वारी घ्यायचो. एका कागदावर मुकादमाचं पूर्ण नाव, त्याचा फोन, कारखान्याचं नाव आणि उचल किती घेतली तो आकडा लिहून ठेव. नवऱ्याला माहीत आहे म्हणून तू गप्प बसू नको. कोयता दोघांचा असतो, उचलही दोघांच्या नावावर फिटते.

औषधाची छोटी पेटी कर. कापसाचा बोळा, पट्टी, जखमेचं मलम, जीवनजलाच्या पुड्या, पाण्यात टाकायचं मेडिक्लोर. जिल्हा परिषदेनं मधल्या काळात टोळीतल्या बायांना आरोग्य साथी म्हणून शिकवलं आणि औषधाची पेटीही दिली होती. तुमच्या टोळीत अशी बाई असेल तर पहिल्याच दिवशी तिची ओळख करून घे.

आता कोयता. बोथट कोयता घात करतो, कारण तो उसावरून घसरतो आणि नडगीवर बसतो. रोज संध्याकाळी कानस मारायची, सकाळच्या अंधारात नाही. तोडताना डावा पाय मागं ठेव, वार पायापासून लांब जाऊ दे. डाव्या हातात ऊस असतो, त्या हाताला जुन्या शर्टाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत शिवून घे. पाचटाच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि पाचटाचं टोक डोळ्यात गेलं की दिसणं जाऊ शकतं. आमच्या टोळीतल्या एका बाईचा डोळा असाच गेला. तिनं दोन दिवस डोळ्यात दूध घातलं. डोळ्यात टोचलं तर चोळू नको, घरगुती काही घालू नको, सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. दोन कोयत्यांच्या पातींमध्ये अंतर ठेव, शेजारीण वाकली असताना तिच्या जवळून जाऊ नको. फडाकडं जाता-येता कोयत्याचं पातं गोणपाटात गुंडाळलेलं असू दे.

अनवाणी फडात उतरायचं नाही. तोडलेल्या उसाचे बुडखे तिरके राहतात आणि खिळ्यासारखे पायात शिरतात. प्लास्टिकची चप्पल त्याला पुरत नाही, बाजारातून जाड तळाचा बूट घे, पुरुषाचा असला तरी चालेल. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घेऊन ठेव.

मोळीचं ऐक. लवकर गाडी भरावी म्हणून मोठी मोळी बांधायची खोड आम्हा सगळ्यांना होती. चुंबळ घालून ती डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकवर चढायचं, आणि हे रात्री दोन वाजता, कारण गाडी कधी येईल याचा नेम नसतो. माझ्या मानेचे मणके तिथं गेले. तू मोळी लहान बांध, दोन फेऱ्या जास्त कर. उचलताना कमरेत वाकू नको, गुडघ्यात बस आणि पायाच्या जोरावर ऊठ. फळी दवानं ओली असेल तर तिच्यावर माती किंवा पाचट टाकून मगच पाय ठेव. दिवस गेले असतील तर फळीवर चढायचं नाही, कुणी काही म्हटलं तरी. वर विजेची तार आहे का ते गाडी उभी करण्याआधीच बघायला सांग. भरलेल्या गाडीवरचा माणूस तारेच्या किती जवळ जातो हे खालून कळत नाही.

लेकरांचं तर काळजावर लिहून ठेव. थंडीच्या पहाटे लेकराला पाचटाच्या ढिगावर झोपवून आई पात धरते. ट्रॅक्टर मागं येतो, चालकाला पाचटातलं लेकरू दिसत नाही. असं झालेलं मी ऐकलं नाही, पाहिलं आहे. झोळी बांधायची तर बांधावरच्या झाडाला, गाडीच्या वाटेपासून लांब, आणि तिच्यावर लाल कापड टाकून ठेवायचं. मोठ्या लेकरांना तर फडावर नेऊच नये. गावात हंगामी वसतिगृहं असतात, आता संत भगवान बाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारी वसतिगृहंही निघाली आहेत. माझी नात शिकली म्हणून आज हे लिहिते आहे. आणि अठराच्या आतल्या पोरीला लग्न करून जोडीनं कोयत्याला लावणारे लोक तुला टोळीत भेटतील. त्यांच्या त्या पोरीशी बोलत जा. तिला कुणी नसतं.

जुन्नर, शिरूर, आंबेगावकडच्या फडात बिबट्या राहतो. उसात तो पिल्लंही घालतो. तिकडं लेकराला संध्याकाळनंतर कोपीबाहेर एकटं सोडायचं नाही आणि उघड्यावर एकट्यानं बसायला जायचं नाही. फड तोडताना पिल्लू दिसलं तर हात न लावता मागं फिरा आणि वनखात्याला कळवा, आई जवळच असते.

बैलगाडीवाली टोळी असेल तर गाडीच्या मागं चमकणाऱ्या रेडियमच्या पट्ट्या लावून घ्या, बैलांच्या शिंगांनाही. रात्रीच्या रस्त्यावर उसाची गाडी मागून काळ्या ढिगासारखी दिसते.

सापाबद्दल मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण त्यात आपण अजून जुन्याच चुका करतो. विषारी साप मोजके आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस पाचटात पडून असते आणि कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. तो आवाज आला की आहे तिथं थांब, मग सावकाश मागं सर. पाचटात हात घालण्याआधी काठीनं हलवायचं. मण्यार मात्र रात्री कोपीत येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचा दंश दुखतही नाही, सुजतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलता येत नाही, मग श्वास अडकतो. आमच्या एका जावेला पोटदुखी समजून सोडा पाजला होता. म्हणून मच्छरदाणी लाव आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचून झोप. विटांवर फळ्या टाकून बाज केली तर आणखी चांगलं. कोपीजवळ धान्य सांडू देऊ नको. धान्यामागं उंदीर येतो आणि उंदरामागं साप.

चावलाच तर दोरीनं आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडं एक मिनिट घालवायचं नाही. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढायची, सूज आली की निघत नाहीत. त्या हाताला किंवा पायाला काठी बांधून तो हलू द्यायचा नाही. माणसाला पळवायचं नाही, उचलून न्यायचं. 108 ला फोन करायचा. सरकारी ग्रामीण रुग्णालयात सापाच्या विषावरचं इंजेक्शन मिळतं, म्हणून कोपी पडली की पहिल्या संध्याकाळी गावातल्या दुकानदाराला विचार की जवळचा असा दवाखाना कुठं आहे आणि वाट कोणती. विंचू चावला तरी सरळ दवाखान्यातच न्यायचं. लाल विंचू चावून घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर ती नुसती आग नसते, ते काळजापर्यंत जातं. त्यावरचा प्राझोसिन गोळीचा उपचार डॉक्टर हिम्मतराव बावस्करांनी जगाला दाखवला. ते शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. पूर्वी विंचू चावून लेकरं दगावायची, आता वेळेत नेलं तर वाचतात.

आता फक्त बायांचं. हे माझ्या सासूनं मला सांगितलं नाही. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

फडात आडोसा नसतो म्हणून बाई दिवसभर पाणीच पीत नाही. मग उन्हाळ्या लागतात, लघवीला आग होते, पाठीत दुखतं, ताप येतो. पाणी पी. दोघी-तिघी मिळून जा, एकीनं ओढणी धरायची. तोडीला जोर येतो तेव्हा एका लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली जवळ ठेव. पाळीचं कापड ओलं वापरू नको, उन्हात वाळव, लाज म्हणून गोधडीखाली दडपून वाळवू नको. दिवस गेले तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ने. ते दाखवलं की दुसऱ्या गावची अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रही तुला तपासतात, लेकराला लस देतात. बाळंतपणाला 102 ची गाडी असते.

आणि गर्भाची पिशवी. मला एकोणतिसाव्या वर्षी अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी सडली आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. कामाला खाडा पडला की दंड, पाळीत काम होत नाही, दोन लेकरं झालीच आहेत, असा हिशोब आम्ही केला. पैसे मुकादमाकडून उचलले. दीड महिन्यात मी परत मोळी उचलली. त्यानंतर अंगातून आगीचे लोट यायला लागले, झोप गेली, चाळिशीत हाडं दुखायला लागली. खूप वर्षांनी कळलं की माझे बीजकोशही काढले होते. मला कुणी विचारलं नव्हतं.

मी एकटी नव्हते. 2019 मध्ये सरकारनं डॉक्टर नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली होती. म्हणजे दर सहा बायांमागं एकीची. हा आकडा नातीनं वाचून दाखवला तेव्हा मी माझ्या टोळीतल्या बाया बोटांवर मोजल्या. माझ्या टोळीत त्याहून जास्त होत्या.

तुला एवढंच सांगते. पांढरं जाणं हा बहुतेक वेळा जंतूंचा आजार असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो, कधी कधी गोळ्या नवऱ्यालाही घ्याव्या लागतात. त्यासाठी पिशवी काढत नाहीत. कुणी काढा म्हटलं तर तीन गोष्टी विचार: तपासणीत नेमकं काय दिसलं, गोळ्यांनी बरं होणार नाही का, आणि बीजकोश ठेवणार का. मग तो कागद घेऊन बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसऱ्यांदा दाखव. पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्यानंतर आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्याला ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. परवानगी कुठं आहे, असं विचारायला घाबरू नको.

कुणी अंगचटीला आलं, मग तो मुकादम असो, गाडीवाला असो की शेतमालक, तर त्या दिवशीच बोल. 181 हा बायांचा नंबर आहे, 112 पोलिसांचा. कामाच्या ठिकाणच्या छळाचा 2013 चा कायदा आपल्यासारख्या असंघटित बायांनाही लागू आहे, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक समिती असते.

अपघात झाला तर दवाखान्यात "पडले" एवढंच सांगू नको. ऊस तोडताना लागलं, गाडी भरताना पडले, असं केसपेपरवर लिहून घे. मोठी दुखापत असेल तर पोलिसांत नोंद करा. कामावर झालेल्या इजेची भरपाई कायद्यानं मागता येते आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. मुकादम म्हणेल, कारखान्याचा तुमच्याशी काय संबंध. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. ऊस कारखान्याचा असतो, मुकादम मधला असतो, आणि कोण जबाबदार हे मुकादमानं ठरवायचं नसतं. कागद घेऊन बीडला सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं किंवा आपल्या ऊसतोड कामगारांच्या संघटनेच्या माणसाकडं जा. आमच्या दिराचा पाय गेला तेव्हा कागद नव्हता. त्याला काही मिळालं नाही.

खाड्याला घाबरून मी ताप अंगावर काढला, मान अंगावर काढली, पोट अंगावर काढलं. खाड्याचे पैसे त्याच हंगामात फिटले. मान आणि हाडं अजून फिटली नाहीत. तू अंगात ताप असला तर कोपीतच राहा. नातवाला मी तुझ्यासमोर सांगितलं आहे की ती राहील म्हणाली तर राहील.

गुरुवारी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आहे. रक्त तपासून घे, धनुर्वाताचं इंजेक्शन घे, लोहाच्या गोळ्या सहा महिने पुरतील एवढ्या मागून घे. मी तुझं नाव नर्सबाईंकडं दिलं आहे. नऊला निघू, उपाशी येऊ नको.