रुक्मिणीचे बाबा गप्प का बसले?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५२ ते ५४.

ही गोष्ट आपल्या विदर्भातली. राजा भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर, म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेलं आजचं कौंडण्यपूर, असं मानतात. आपल्या वाशिमहून फार लांब नाही. लग्न जमावं म्हणून घरोघरी मुली एकनाथ महाराजांचं 'रुक्मिणी स्वयंवर' वाचतात. पण आज मला रुक्मिणीबद्दल नाही, तिच्या वडिलांबद्दल बोलायचंय.

भागवत सांगतं की घरच्यांना श्रीकृष्णच जावई हवा होता. थोरला भाऊ रुक्मी आडवा आला आणि त्याने शिशुपालाचं स्थळ ठरवलं. भीष्मकाने पुत्रप्रेमापोटी मान हलवली आणि लग्नाची तयारी सुरू केली. रुक्मिणीला कोणीच विचारलं नाही. शेवटी तिने एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप पाठवला.

मग दोष कोणाचा? आपण लगेच रुक्मीकडे बोट दाखवतो. तो हट्टी होताच. पण निर्णय बापाच्या हातात होता. भीष्मक वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त घरात वाद नको होता.

तो वाद टळला का? नाही. अंबिकेच्या देवळातून बाहेर पडताना कृष्णाने रुक्मिणीला नेलं, युद्ध झालं. हरलेला रुक्मी कुंडिनपूरला परतलाच नाही, भोजकट नगर वसवून तिथे राहिला. पुढे बहिणीसाठी त्याने आपली मुलगी प्रद्युम्नाला आणि नात अनिरुद्धाला दिली. पण त्या नातीच्या लग्नातच द्यूताच्या भांडणात तो बलरामाच्या हातून मारला गेला (अध्याय ६१). एका लग्नात दाबलेला प्रश्न दोन पिढ्यांनंतरच्या लग्नात वर आला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पाठ आहे : चूक जितकी उशिरा सापडते, तितकी महाग पडते.

हे लिहायचं कारण सांगतो. मागच्या दिवाळीत गावी एका चुलत बहिणीच्या स्थळाची बैठक होती. पगार, शेती, फ्लॅट, सगळं बोलून झालं. ती आत चहा करत होती. तिचा चेहरा मला दिसत होता, तरी मी मोबाईल बघत बसलो. शेवटी आजीच बोलली, "पोरीले इचारलं का कोनी?" सगळे गप्प. त्या दिवशी भीष्मक मीच होतो. आजी नसती तर?

आई-वडिलांना दोष देणं सोपं आहे. ते बहुतेकदा प्रेमापोटीच चुकतात, आणि प्रेम आहे म्हणून चूक लहान होत नाही. पण त्या खोलीत आपणही बसलेले असतो ना?

आजचा संकल्प : घरात कोणाचं लग्न ठरत असेल, तर आज त्या व्यक्तीला एकटीला गाठून विचारा, "तुला काय वाटतं?" आणि उत्तर पूर्ण ऐका.

राम कृष्ण हरी!